चित्रपटातील उजेड आणि भिंती



चित्रपट पाहून घरी परतलेला माणूस कथा सांगतो, गाणी गुणगुणतो, कोणी काय छान काम केले ते सांगतो. पण त्या चित्रपटात उजेड कोठून येत होता, हे तो सांगत नाही. विचारले तरी त्याला ते आठवत नाही. आणि आठवत नाही, यातच त्या उजेडाची योजना करणाऱ्याचे खरे यश असते. आजच्या भाषणात या न आठवणाऱ्या गोष्टीविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

हा विषय शहरातल्या स्टुडिओपुरता राहिलेला नाही. आज खेड्यापाड्यांतही घरोघरी फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे. शाळेतील मुले स्नेहसंमेलनाचे, सहलीचे, वृक्षारोपणाचे चित्रण करतात. कोणी आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो, कोणी गावच्या सुताराचे काम टिपून ठेवतो. फार चांगली गोष्ट आहे. मग साहजिकच वाटते, की आपले हे चित्र ‘सिनेमासारखे’ दिसावे. त्यासाठी कोणी महागाचा कॅमेरा मागवतो, कोणी चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या लावतो, कोणी मागचे सगळे धूसर करून टाकतो, तर कोणी सगळ्या चित्रावर निळसर-नारिंगी रंग चढवतो. इतके करूनही चित्र काही सिनेमासारखे दिसत नाही. असे का व्हावे?

त्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल. चित्रपटाचे रूप कॅमेऱ्यात पुष्कळसे नंतर येते. आधी ते कॅमेऱ्यासमोरच्या जागेत ठरते. भिंत कोठे आहे, खिडकी कोठे आहे, त्या खिडकीतून येणारा उजेड कोणत्या वेळचा आहे आणि तो माणसाच्या चेहऱ्यावर कोणत्या बाजूने पडतो, यावर सारे अवलंबून असते. मी असे म्हणेन, की चांगल्या चित्रपटात उजेडाला पत्ता असतो. तो कोठून आला हे आपल्याला कळत नसले, तरी तो कोठून तरी खरोखर आला आहे, असे मनाला पटलेले असते.

चित्रपट बनविताना ही जबाबदारी मुख्यतः दोघांची असते. एक कलादिग्दर्शक. घर, गल्ली, दुकान, वाडा, त्यातील सामानसुमान, भिंतीचा रंग, उंबऱ्याची झीज, हे सर्व तो उभे करतो. नाटकवाल्यांच्या भाषेत म्हणायचे तर नेपथ्य. दुसरा छायालेखक, म्हणजे कॅमेरा आणि प्रकाश सांभाळणारा. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन कामे वेगळी वाटतात. पण तसे ती वेगळी करता येत नाहीत. खिडकी ठेवली नाही तर उजेड यायचा कोठून? आणि उजेड नीट पडला नाही, तर कुशल कारागिराने लिंपलेली भिंतसुद्धा पुठ्ठ्याची दिसते. या दोघांचे जमले तर चित्रपट जमतो.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात फार लवकर ओळखली गेली होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात रंगभूमीचे पडदे रंगविणारे चित्रकार. नाटकात मागे पडदा सोडीत: कधी राजवाड्याचा, कधी अरण्याचा, कधी रस्त्याचा. पडद्यावरचे खांब रंगवलेले, खांबांच्या सावल्याही रंगवलेल्याच. नाटकाच्या प्रेक्षकाला त्याचे काही वाटत नसे. तो दूर बसलेला असे आणि नाटकाचे संकेत त्याला ठाऊक असत. पण कॅमेऱ्याला हे संकेत मानवत नाहीत. नट चालला की त्याची सावली हलते. रंगवलेली सावली मात्र तेथेच राहते. रंगवलेल्या दारातून कोणी आत येऊ शकत नाही, आणि उजेडही आत येऊ शकत नाही. बाबूरावांनी स्वतःच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत रंगीत पडद्यांऐवजी घनाकार देखावे उभारायला सुरुवात केली. ज्याने आयुष्यभर पडदे रंगवले, त्यानेच पडदा बाजूला सारला. ज्याला चित्रकलेची ताकद ठाऊक होती, त्यालाच तिची मर्यादाही कळली, असे म्हणावे लागेल.

१९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. नारायण हरी आपटे यांची कथा. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी हा तिचा विषय. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. या चित्रपटातील एक दृश्य पुढे कितीतरी वर्षांनी जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात शिल्लक होते: मंद, काळोख्या उजेडात दिसणारी एक उदास झोपडी आणि एक केविलवाणे कुत्रे. एवढेच. ना कोणी नट, ना संवाद. मूकपटच तो! परंतु एका कर्जबाजारी घराची कळा त्या अंधारातून सांगितली गेली. झोपडी लख्ख उजळली असती, तर तिचे गवत दिसले असते, कुडाची बांधणी दिसली असती, पण दुःख दिसले नसते. किती उजेड द्यायचा याबरोबरच किती द्यायचा नाही, हाही प्रकाशयोजनेतील प्रश्न आहे, हे यावरून लक्षात येईल.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यांत शांताराम होते, विष्णुपंत दामले होते, आणि साहेबमामा फत्तेलालही होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ चा. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. पुन्हा पाहाल तेव्हा तुकोबांच्या घराकडे लक्ष द्या. ते ‘सजवलेले’ घर वाटत नाही. जिजाईचा राग त्या घरात खरा वाटतो, कारण ते घर राबत्या माणसांचे आहे. पुण्यातील प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथे आजही देशभरची मुले हीच विद्या शिकतात.

आता एक अडचण पाहू. चित्रपट पहिल्यांदा सूर्याच्या उजेडात घेतले जात. सूर्य हा एकच दिवा, आणि त्याची सावलीही एकच. पुढे विजेचे दिवे आले आणि काम चार भिंतींच्या आत, स्टुडिओत होऊ लागले. त्याने सोय पुष्कळ झाली: पाऊस नको, ढग नको, वेळेची वाट पाहणे नको. पण एकाच्या जागी पंचवीस दिवे आले. नायकासाठी एक, नायिकेसाठी एक, तिच्या केसांना चमक यावी म्हणून मागून एक, भिंतीसाठी आणखी दोन. मग एका माणसाच्या मागे भिंतीवर दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडू लागल्या. जुने बोलपट पाहताना या सावल्या तुम्हांला दिसतील. घरात एक खिडकी आणि माणसाला सावल्या तीन, हे कसे? प्रेक्षक हा हिशेब मांडत बसत नाही. पण कोठेतरी खोटे आहे, एवढे त्याला जाणवते. उजेडाचा पत्ता हरवलेला असतो.

तो पत्ता पुन्हा शोधून काढण्याचे एक मोठे काम बंगालमध्ये झाले. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ साली आला. त्याचे छायालेखक सुब्रत मित्र. कामाला हात घातला तेव्हा हा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा होता, आणि त्यापूर्वी त्याने चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. ज्याँ रेन्वार हे फ्रेंच दिग्दर्शक ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी बंगालमध्ये आले होते, तेव्हा त्यांचे काम बाजूला उभे राहून पाहणे, टिपणे घेणे, हीच काय ती त्याची शाळा. कलादिग्दर्शक होते बन्सी चंद्रगुप्त. यांचा जन्म सियालकोटचा, लहानपण काश्मीरचे. ‘द रिव्हर’च्या नेपथ्यावर त्यांनी काम केलेले होते. ‘पथेर पांचाली’तील घर म्हणजे कलकत्त्याजवळच्या बोडाल या गावातील एक खरेखुरे पडके घर. तेच डागडुजी करून त्यांनी कथेला हवे तसे करून घेतले.

पुढचा चित्रपट ‘अपराजितो’, १९५६ चा. या कथेत हरिहर भटजी, त्यांची पत्नी सर्वजया आणि मुलगा अपू हे कुटुंब काशीत राहावयास येते. काशीची जुनी घरे आपल्याकडील वाड्यांसारखीच: गल्ली अरुंद, घर उंच आणि मध्यभागी चौक. चौकाच्या भोवती खोल्या. खोल्यांना बाहेरच्या बाजूने उजेड जवळजवळ नाहीच; जो काही येतो तो चौकातून, वरून. ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या वाड्यात दिवस काढले आहेत, त्यांना हा उजेड चांगला ठाऊक असेल. भर दुपारीसुद्धा तो शांत असतो. ऊन वरच्या मजल्याच्या कठड्यावर राहते, खाली उतरतो तो आभाळाचा उजेड. त्यात माणसाची सावली पडते न पडते.

हे घर उघड्यावर बांधावे, असा आधी बेत होता. पण पावसाळा तोंडावर आला. मातीचे, लाकडाचे बांधकाम पावसात भिजले तर सगळेच बुडाले! म्हणून चंद्रगुप्तांना ते घर कलकत्त्यास, स्टुडिओच्या छपराखाली बांधावे लागणार, असे ठरले. येथे सुब्रत मित्रांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की भिंती तुम्ही हुबेहूब बांधाल, यात शंका नाही. पण चौकात वरून येणारा तो बिनसावलीचा उजेड स्टुडिओत आणायचा कोठून? दिवा म्हटला की सावली आलीच. आणि सावली आली की चौकाचा चौक राहणार नाही.

हा वाद केवळ तंत्राचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. या घरात पुढे हरिहरला मरण येते. परक्या गावात, लहान मुलाला घेऊन, ती बाई एकटी पडते. ज्या चौकात ती भांडी घासते, पाणी भरते, त्याच चौकात तिचे जग कोसळते. तो चौक प्रेक्षकाला खोटा वाटला असता, तर ते मरणही खोटे वाटले असते.

निवड करायला वावच नव्हता. तेव्हा वाट काढणे आले. मित्रांनी काय केले? चौकाच्या वर, जेथे खऱ्या घरात आभाळ दिसेल तेथे, चौकटीला ताणून पांढरे कापड बसवले. दिवे चौकाच्या दिशेने न लावता ते खालून या कापडाकडे रोखले. दिव्यांचा उजेड कापडावर आदळला, तेथून पसरून खाली परतला आणि सगळ्या चौकात सारखा उतरला. दिवे होते, पण दिव्यांचा उजेड दिसत नव्हता. दिसत होता तो कापडाचा उजेड. ते कापड म्हणजेच आभाळ झाले. चंद्रगुप्तांच्या भिंती आणि मित्रांचे आभाळ मिळून काशीचे घर झाले. हा चित्रपट पाहून हे घर काशीतले नव्हे असे म्हणणे फार अवघड आहे. १९५७ मध्ये व्हेनिस येथे ‘अपराजितो’ला सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे सुवर्णसिंह, मिळाला.

यामागचे शास्त्र शाळेत सहज समजावून देता येईल. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग जरूर करावा. एका खोलीत एकच उघडा दिवा लावा. त्याखाली कोरा कागद ठेवा आणि कागदावर हात धरा. सावली काळी, कडा अगदी रेखीव. आता दोन मुलांना दिवा आणि कागद यांच्यामध्ये, दिव्यापासून बरेच खाली, पांढरी चादर ताणून धरायला सांगा. सावलीच्या कडा विरघळतात. हात जरा वर उचला. सावली जवळजवळ नाहीशी होते. कारण काय? उजेड जेव्हा लहानशा ठिकाणाहून येतो, तेव्हा वस्तूच्या मागे अंधाराला लपायला जागा मिळते. तोच उजेड मोठ्या पृष्ठभागावरून आला, म्हणजे एका बाजूने अडला तरी दुसऱ्या बाजूने पोहोचतो. सूर्य प्रचंड खरा, पण तो इतका दूर, की आपल्याला टिकलीएवढा दिसतो. म्हणून उन्हातली सावली रेखीव. ढग आले, की सारे आभाळच दिवा होते; म्हणून ढगाळ दिवशी सावली दिसत नाही. मुलांनी हे रोज पाहिलेले असते. फक्त त्याचे कारण त्यांना कोणी विचारलेले नसते.

आता कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, मऊ उजेड चांगला आणि रेखीव उजेड वाईट, हा नियम झाला!’ पण असा नियम करू नये. याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईत तीन वर्षांनी घडले.

१९५९ मध्ये गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ आला. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्यासाठी, भारतात निघालेला हा पहिला चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती. कलादिग्दर्शक आपले एम. आर. आचरेकर, मोठे चित्रकार. या चित्रपटाचा नायक स्वतः चित्रपट दिग्दर्शक आहे आणि पुष्कळशी कथा स्टुडिओतच घडते. म्हणजे येथे नेपथ्य कसले, तर रिकाम्या स्टुडिओचे! उंच छप्पर, लांबच लांब मोकळी जमीन, आणि त्यात दोन एकाकी माणसे. एका गाण्याच्या वेळी वरून तिरपा, जाड, सरळ असा एकच झोत त्या अंधारात उतरावा, अशी कल्पना होती. मूर्तींना ठाऊक होते, की स्टुडिओच्या दिव्याचा झोत जसजसा पुढे जाईल तसतसा फाकत जातो. सूर्याचे किरण मात्र इतक्या दुरून येतात, की आपल्यापाशी ते समांतरच असतात. मग त्यांनी सूर्यच आत आणला. एक मोठा आरसा बाहेर उन्हात ठेवला, त्याचे कवडसे आत उंचावर बसवलेल्या दुसऱ्या आरशावर घेतले आणि तेथून तो झोत खाली सोडला. हवेत तरंगणाऱ्या कणांमुळे झोताची वाट दिसू लागली. कौलाच्या फटीतून माजघरात उतरणारा कवडसा ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे समजावून द्यायला नको.

तेथे मऊ उजेड दिला असता, तर त्या दोघांमधले अंतर दिसलेच नसते. कठोर, एकाकी झोत हवा होता, तो दिला. काशीच्या चौकात सगळ्यांवर सारखा उतरणारा उजेड हवा होता, तो तेथे दिला. दोन्ही ठिकाणी युक्ती साध्या वस्तूंची: एके ठिकाणी कापड, दुसऱ्या ठिकाणी आरसा. ‘कागज के फूल’ त्या वेळी चालला नाही. पण त्यातील छायालेखनाबद्दल मूर्तींना आणि नेपथ्याबद्दल आचरेकरांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे २००८ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक मूर्तींना देण्यात आले. हा मान मिळविणारे ते पहिले छायालेखक.

आता आपण आपल्या गावाकडे वळू. कारण ही मोठ्या माणसांची हकीकत ऐकून ‘आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून चालणार नाही. आपल्या हातातल्या कॅमेऱ्याने आपण कोणाला टिपणार? आपल्याच माणसांना, आपल्याच घरांना. मातीची, माळवदाची, कौलारू घरे दरवर्षी कमी होत आहेत. ओव्या म्हणणाऱ्या आज्या थकल्या आहेत. आज जे टिपले जाईल ते उद्या एकमेव असेल. आणि आपण करतो काय? आजीला नवे लुगडे नेसवतो, भिंतीला प्लॅस्टिकच्या फुलांची माळ लावतो, डोक्यावरची ट्यूबलाइट लावतो आणि आजीला भिंतीला पाठ टेकवून बसवतो. वरून आलेल्या पांढऱ्या उजेडात तिच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, कपाळ चकाकते, आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्याने तिच्या चेहऱ्यावर जे लिहिले आहे ते पुसले जाते. मग तिच्याच नातवंडांना ते चित्र पाहून वाटते, की आपले घर काही सिनेमात दाखवण्यासारखे नाही. उणीव घरात नसते. उजेड चुकीच्या जागेवरून आलेला असतो.

यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो. गुरुजींनी आणि बाईंनी मुलांकडून त्या करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट: आधी घरातील सगळे दिवे बंद करा आणि काही वेळ नुसते बसा. दारातून किती उजेड येतो, खिडकीतून किती, छपरातील काचेच्या कौलातून किती, ते पाहा. मग माणसाला दाराजवळ, उंबऱ्याच्या आत हात-दोन हात असे बसवा, की उजेड चेहऱ्याच्या एका बाजूने येईल. दाराकडे पाठ करून बसवू नका. चेहरा काळा पडेल. दिवसाचा उजेड निळसर आणि पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस असतो. एकाच चेहऱ्यावर दोन्ही पडले, की अर्धा चेहरा निरोगी आणि अर्धा आजारी दिसतो. म्हणून एका वेळी एकच प्रकारचा उजेड ठेवा.

दुसरी गोष्ट: चेहऱ्याची उजेडाकडची बाजू छान दिसते, पण दुसरी फारच काळोखात जात असेल, तर त्या बाजूला एक पांढरे धोतर किंवा चादर धरा. सुब्रत मित्रांचे आभाळ तुमच्या माजघरात उतरेल! चादर जवळ आणली की सावली उजळते, दूर नेली की गडद होते. किती उजळायची ते प्रसंग पाहून ठरवा. आजी हसत गोष्ट सांगत असेल तर चादर जवळ. दुष्काळाची आठवण सांगत असेल तर थोडी दूर.

तिसरी गोष्ट: भिंतीची. आपल्या माणसांचे वर्ण बहुधा सावळे. मागे झगझगीत पांढरी भिंत असली, की फोनचा कॅमेरा त्या पांढऱ्याशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. शेणामातीने सारवलेली भिंत, जुने लाकडी दार, धान्याची कणगी अशी मंद रंगाची पार्श्वभूमी घ्या. चित्रात माणूस भिंतीपासून तीन-चार हात पुढे असू द्या. मग त्याची सावली भिंतीवर न चिकटता जमिनीवर जाते. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले, की पुष्कळशा फोनमध्ये उजेड चेहऱ्याप्रमाणे जुळवला जातो, हेही मुलांना दाखवा.

चौथी गोष्ट: सामानाची. कलादिग्दर्शकाचे काम वस्तू मांडण्याचे तसेच काढण्याचेही असते. गोष्टीशी ज्याचा संबंध नाही, ते चित्राबाहेर ठेवा. पण जे रोजचे आहे ते हलवू नका. जात्याचा झिजलेला खुंटा, भिंतीवरच्या तेलाच्या हाताचे डाग, दोरीवरची घोंगडी, या खुणा माणूस तेथे राहतो याची साक्ष देतात. नाटकासाठी घर उभारावयाचे असेल, तर मुलांना आधी विचारा: या घरात कोण राहते? घरचा कर्ता कोठे बसतो? भिंत कोठे जास्त मळेल? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे देखावा अर्धा झाला.

पाचवी गोष्ट: वेळेची. भर दुपारी उघड्यावर चित्रण करू नका. सकाळी उन्हं कोवळी असताना किंवा दिवस कलल्यावर करा. दुपारीच करावयाचे झाले, तर पडवीत, झाडाखाली, मांडवाखाली करा. रात्रीचा प्रसंग कंदिलाच्या उजेडात घ्यायचा असेल, तर कंदील चित्रात दिसू द्या आणि त्याच बाजूने, पण चित्राबाहेरून, एक मंद पिवळा बल्ब लावा. म्हणजे पाहणाऱ्याला वाटेल की सारा उजेड कंदिलाचाच. मात्र गरम बल्बला कागद किंवा कापड टेकवू नका, आणि वायरीचे काम मोठ्यांनीच करावे. आरशाचा कवडसा खेळवताना तो कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही, याचीही काळजी घ्या.

या पाचही गोष्टींना पैसे लागत नाहीत. लागते ते फक्त पाहणे. वर्गात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे मुलांना उजेड पाहण्याचा धडा द्या. सकाळी आपल्या वर्गात उजेड कोठून येतो, दुपारी कोठून, पावसाळ्यात कसा, हे त्यांना वहीत लिहू द्या. शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या मित्राचा चेहरा आणि मैदानात उभ्या असलेल्या मित्राचा चेहरा यांत काय फरक दिसतो, ते सांगू द्या. यात विज्ञान आले, चित्रकला आली, भाषा आली. त्यांतला एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी पुढे छायालेखक होईलही. पण बाकीची मुलेसुद्धा आपल्या घरातील माणसांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहतील, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते.

चित्रपटाचा थाट म्हणजे मोठेपणा, चकचकाट, असा आपला समज झालेला आहे. ज्यांनी ही कला मोठी केली त्यांनी मात्र पुष्कळदा उलट केले. बाबूरावांनी झोपडीतला अंधार जपला. मित्रांनी दिव्यांचे तोंड फिरवून त्यांना आभाळाचे काम दिले. मूर्तींनी उन्हाला आरशावरून आत बोलावले. समोरच्या माणसाच्या सुखदुःखाला कोणता उजेड शोभेल, हा एकच प्रश्न त्यांनी मनाशी धरला, आणि भिंत, खिडकी, कापड, आरसा, सारे त्याच्या कामाला लावले. उद्या तुम्ही आपल्या आजीसमोर कॅमेरा धराल, तेव्हा बटण दाबण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारा. एवढे केलेत, तरी चित्र आपोआप वेगळे होईल.